‘यावर संशोधनच नाही’ म्हणण्याआधी

आजचा भाग प्रोजेक्ट आणि प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी.

‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य प्रबंधांत सर्रास दिसतं. पण बऱ्याचदा संशोधन असतं, आपले शोधायचे शब्द चुकलेले असतात.

उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न गाजला. त्यावर लेख हवेत. आपण काय करतो? अख्खं वाक्य इंग्रजीत टाइप करतो. पण जितके शब्द जास्त, तितके लेख कमी.

म्हणून आधी कागद घ्या. तीन रकाने करा: कोण, काय, कुठे. ‘कोण’खाली शुगरकेन, केन कटर, मायग्रंट वर्कर. ‘काय’खाली हिस्टरेक्टॉमी, कारण डॉक्टर हाच शब्द लिहितात. ‘कुठे’खाली महाराष्ट्र आणि बीड. बीडचं स्पेलिंग डबल ई घालूनही करतात आणि नुसता आय घालूनही, दोन्ही लिहा.

आता एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात टाका आणि तिन्ही कंस ‘अँड’ने जोडा. पबमेडवर ऑर, अँड कॅपिटलमध्येच लिहायचे. मायग्रंट वर्करसारखी जोडी दुहेरी अवतरणात ठेवा.

काहीच आलं नाही? आधी ‘कुठे’ काढून टाका. ढीगभर आले? फक्त शीर्षकात शोधा.

जागाही बदलून बघा. आरोग्याचं पबमेडवर मिळेल. मजुरी, स्थलांतर यासाठी जेस्टोर, तिथे ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे जुने अंक आहेत. भारतातले प्रबंध शोधगंगावर. एक चांगला लेख सापडला की तो गूगल स्कॉलरवर उघडा आणि खालचं ‘साइटेड बाय’ दाबा. संदर्भसूची मागे नेते, हे बटण पुढे नेतं.

लेखाला पैसे मागितले, तर लगेच भरू नका. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, लायब्ररीच्या लॉगिनमधून तो मिळू शकतो.

आणि कुठे, कोणत्या शब्दांनी, कधी शोधलं ते वहीत लिहून ठेवा. एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तर ‘मला सापडलं नाही’ असं तारखेसकट लिहा. कारण कुणीतरी त्या बायांच्या कोपीत बसून त्यांचं ऐकलेलं असू शकतं. ते न शोधताच ‘काही नाही’ म्हटलं, तर त्यांना तेच दुखणं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

तुमचे तीन रकाने भरा. भेटू पुढच्या भागात!