बनियान : नाव आपले, उद्योग परगावचा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त व्यापारावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी. म्हणून सर्वांच्या अंगावर असलेल्या, पण सहसा चर्चेत न येणाऱ्या होजिअरीविषयी बोलतो.

‘बनियान’ हा शब्द ‘वाणिया’ या शब्दापासून आला. गुजराती व्यापारी घालीत त्या सैल वस्त्रास युरोपियनांनी व्यापाऱ्याचेच नाव दिले. ‘गंजी’चे मूळ मात्र इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या लोकरी सदऱ्यात आहे. हातमागाच्या कापडास ताणा आणि बाणा दोन्ही लागतात; होजिअरीत एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात, म्हणून ते कापड अंगासरशी ताणले जाते. असे फास घालणारे पहिले यंत्र 1589 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी पायमोज्यांसाठी बनविले.

भारतातील पहिला होजिअरी कारखाना 1893 मध्ये कलकत्त्याच्या खिदिरपूर भागात निघाल्याचे मानले जाते. त्यापूर्वीच, 1891 मध्ये, बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर-आसनसोल मार्ग पूर्ण झाला होता. भंडारा रोड, तुमसर रोड व गोंदिया ही स्थानके त्याच मार्गावरची. त्यामुळे कलकत्त्याची बाजारपेठ आपल्या दारी आली. उत्तरेत लुधियाना लोकरी मालासाठी नावारूपास आले. 1833 च्या दुष्काळानंतर काश्मिरातून आलेल्या शालविणकरांचा वारसा त्या शहरास लाभला होता. दक्षिणेत तिरुपूरला 1925 च्या सुमारास होजिअरीचा आरंभ झाला. 1978 मध्ये एका इटालियन आयातदाराने तेथून पांढरे टी-शर्ट नेले आणि त्या गावास निर्यातीची वाट सापडली.

आपला जिल्हा धानाचा. धान हाती आले, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की आपल्या दुकानांत गिऱ्हाईक येते. ते 85 किंवा 90 नंबरची बनियान मागते. आपण तिन्ही दिशांचा माल दाखवितो. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालले. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. तीही 2002 मध्ये बंद पडली. येथे धागा जाणणारे हात होते, पेढीवर भांडवल होते आणि गिऱ्हाईकही होते. तरीही होजिअरीचे केंद्र येथे उभे राहिले नाही.

तिरुपूरचे रहस्य मोठ्या गिरणीत नाही. एकाने कापड विणावे, दुसऱ्याने ब्लीचिंग करावे, तिसऱ्याने कटाई, चौथ्याने शिलाई, अशी शेकडो लहान युनिटे तेथे एकमेकांच्या आधाराने वाढली. शेतकरी कुटुंबांतून आलेले कित्येक कामगार नातलगांचे भांडवल जोडून मालक झाले. परस्परांची पत हेच त्यांचे मोठे भांडवल. ही पत तर आपल्या समाजाचीही जुनी ओळख आहे.

त्या वैभवाची दुसरी बाजूही विसरू नये. रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई युनिटे बंद करण्याचा आदेश दिला. वैनगंगेकाठी राहणाऱ्यांनी आणि अहिंसेस परमधर्म मानणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

म्हणून तरुणांना माझी विनंती आहे. रंगाईच्या वाटेस जाऊ नका. रंगविलेले तयार होजिअरी कापड आणून कटाई-शिलाई येथे करा. भावात तिरुपूरची बरोबरी होणार नाही, हे मी व्यापारी म्हणून जाणतो. पण शाळांचे क्रीडागणवेश व संस्थांचे टी-शर्ट यांत माप घेणारा जवळचा असला, की त्याचा लाभ होतो. एकट्याने जमणार नाही. तीन-चार दुकानदारांनी मिळून थोडे भांडवल घालावे आणि शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना वेळच्या वेळी योग्य मजुरी द्यावी.

आपली मुले नोकरीसाठी पुण्यास जातात आणि दुकानाची फळी कोण उघडणार, ही चिंता घरोघरी आहे. केवळ परगावचा माल विकण्यात त्यांस रस वाटत नसेल, तर येथे काही घडविण्यात कदाचित वाटेल. ज्या वस्त्रास व्यापाऱ्याचे नाव मिळाले, ते एकदा व्यापाऱ्याच्या गावीही तयार होऊ द्या.

जय जिनेंद्र!