मंगळावरची उचल

(विद्यापीठातल्या वाचन मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पीएचडीसाठी मी राज्याबाहेर आले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. खोलीतल्या विज्ञानकथा पाहून आपल्याच एका सीनियर दादाने विचारलं, "आपली माणसं गटारात मरतायत, आणि तू मंगळावर फिरतेस?" प्रश्न खरा होता. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देते.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने फडावर राबायचं, आणि हंगाम संपला तरी उचल फिटायची नाही. बाकी पुढच्या साली.

हेच मला ऑक्टेव्हिया बटलर यांच्या कादंबरीत भेटलं. बटलर काळ्या अमेरिकन लेखिका. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करायची, आणि मालकांनी टाकून दिलेली पुस्तकं लेकीसाठी घरी आणायची. बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी 1993 सालची. तिच्यातल्या कॅलिफोर्नियात पाणी महाग झालंय, कंपन्या गावं विकत घेतायत, आईबापाचं कर्ज पोरांच्या डोक्यावर चढतंय. अशात लॉरेन ही काळी मुलगी म्हणते की माणसाने ताऱ्यांवर जाऊन वस्ती केली पाहिजे. तिच्या मते माणसांना एकत्र बांधेल असं मोठं, अवघड काम समोर नसेल, तर ती एकमेकांनाच ओरबाडत राहतात.

अंतराळात वसाहत करण्याच्या बाजूने मी वाचलेला हा सगळ्यात जोरकस युक्तिवाद आहे. आणि तो करणारी गुलामांची वारस आहे.

दादाचा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला होता. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या उड्डाणाआधी राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन थेट केप केनेडीला गेले. देशात माणसं उपाशी आहेत, हे त्यांनी नासाच्या प्रमुखांना तोंडावर सांगितलं. पण यान उडवू नका, असं ते म्हणाले नाहीत. उलट अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली. भाकरी आणि चंद्र यांतलं एकच निवडा, ही अट गरिबांनी घातलेली नव्हती.

मग अडचण कुठे आहे? तीही बटलरच सांगतात. 1998 च्या पुढच्या भागात यान शेवटी निघतं, आणि त्याला नाव दिलेलं असतं ख्रिस्तोफर कोलंबस. लॉरेनला ते नाव मुळीच नको असतं. स्वप्न तिचं, नाव लुटारूचं.

2020 मध्ये इलॉन मस्क यांनी लिहिलं की मंगळावर जायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना कर्ज मिळेल, आणि तिथे कामं भरपूर असतील. लोकांना त्यात संधी दिसली. मला मुकादम दिसला. आधी उचल, मग काम. फडावरून माणूस रात्री पळून तरी जाऊ शकतो. मंगळावर पळणार कुठे? तिथे श्वासाची हवासुद्धा मालकाच्या यंत्रातून येणार.

1967 च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्रावर किंवा मंगळावर मालकी सांगू शकत नाही. पण तिथल्या हवेचा नळ कोणाच्या हातात असेल? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेही नुसती तहान भागवायला नव्हतं. जे सगळ्यांचं आहे त्यावर पहारा कोणाचा, हा तो सवाल होता. महाडचं पाणी ज्याला कळलं, त्याला मंगळावरची हवा कळायला वेळ लागत नाही.

म्हणून दादा, मी मंगळावर फिरते. तिथल्या वस्तीचे नियम आज कागदावर लिहिले जातायत. गावाच्या वेशीबाहेर आपली वस्ती कुठे असेल हे ठरलं, तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारण्याची वाट पाहू नका. आपल्यातल्या इंजिनियरांनी, वकिलांनी, समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी या चर्चेत घुसावं. आणि विज्ञानकथा वाचताना 'हे आपलं नाही' असं म्हणून पुस्तक मिटू नये. तिथे गटार कोण साफ करणार, हे लेखकाने लिहिलं नसेल तर विचारावं. विचारूनही उत्तर मिळालं नाही, तर ती कथा आपण लिहावी.

जय भीम.