पार्किंग लाइटची वायर

जालन्याहून मंठ्याकडे निघालात की वाटेत वाटूर फाटा लागतो. इथून परतूरचा रस्ता फुटतो. त्यामुळे चहाला म्हणा, कुणाची वाट बघायला म्हणा, गाड्या इथे थांबलेल्याच असतात. मे महिन्यात अशी गाडी तासभर उन्हात राहिली की स्टिअरिंगला हात लावायची सोय उरत नाही. म्हणून हल्ली लोकांना रिमोट स्टार्ट हवासा वाटतो. चहा संपत आला की बटण दाबायचं, इंजिन सुरू, एसी सुरू, आणि गार गाडीत जाऊन बसायचं. गंमत म्हणजे हे यंत्र मुरलं ते थंडीच्या देशांत. कॅनडात पारा उणे वीसच्या खाली गेला की माणसं स्वयंपाकघरातून गाडी सुरू करून ठेवतात. डबा तोच, तिथे हीटरसाठी आणि इथे एसीसाठी.

हा रिमोट स्टार्ट अनेकदा अलार्मच्याच डब्यात येतो. बाजारातून आणलेल्या अशा डब्यातून वायरींचा झुबका निघतो. बॅटरीची, अर्थची, इग्निशनची, स्टार्टरची, दाराची, सायरनची. सायरन किती मोठ्यानं वाजेल हे प्रत्येक मालक विचारतो. पार्किंग लाइटच्या वायरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि घाईतला फिटर तिला टेप गुंडाळून तशीच सोडून देतो. माझं म्हणणं असं, की या झुबक्यात सगळ्यात जपून जोडायची वायर हीच. गाडी लॉक झाली की नाही, हे लांबून दिव्यावरूनच कळतं. रिमोटनं इंजिन सुरू झालं, हेही तेच दिवे सांगतात. फाट्यावर शेजारून ट्रक जात असताना पेट्रोल गाडीचं इंजिन ऐकू येतं का? मग जवळ उभ्या असलेल्या माणसाला कळायचं कसं?

आता ही वायर शोधायची कशी. हेडलाइटच्या स्विचच्या पहिल्या टप्प्यावर पुढचे छोटे दिवे, मागचे लाल दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा लागतो, ते पार्किंग लाइट. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते वेगळे. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून मल्टिमीटर लावायचा. स्विच बंद असताना शून्य, पहिल्या टप्प्यावर बारा व्होल्ट, दुसऱ्या टप्प्यावरही बारा, अशी वायर हवी. मीटर-कन्सोलचा उजेड कमी-जास्त करायचं चाक फिरवल्यावर जिचे व्होल्ट बदलतात, ती वायर आपली नव्हे, तिला हात लावू नका.

मारुती ८०० च्या काळातल्या गाड्यांत एवढं पुरतं. नव्या गाड्यांत मात्र स्विच नुसता इशारा देतो आणि दिवे लावतो तो गाडीतला कॉम्प्युटर. अशा बऱ्याच गाड्यांत स्विचची वायर दिवे लागताना अर्थला जाते. तिच्यात अलार्मचे बारा व्होल्ट घातले तर कॉम्प्युटर जळू शकतो, आणि तो खर्च अलार्मच्या किमतीच्या कितीतरी पट. तिथे अलार्मचं आउटपुट निगेटिव्ह करून घ्यावं लागतं. डब्यात तशी सोय नसेल तर छोटा रिले लावायचा. ८५ आणि ८६ या टोकांवर कॉइल, ३० ला अर्थ, ८७ वरून स्विचची वायर. आणि अशा गाडीत बल्बचा टेस्ट लॅम्प वापरणाऱ्याला थांबवा. तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा या नाजूक सर्किटला सोसेलच असं नाही.

आपल्याकडे पुष्कळ फिटर पार्किंग सोडून इंडिकेटरलाच वायर जोडतात, कारण ते जास्त चमकतात. हरकत नाही, पण डावा आणि उजवा एकाच वायरीत पिळून टाकले तर एका बाजूचा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू लुकलुकणार. तुम्ही परतूरकडे वळत असता आणि मागच्याला वाटतं गाडी बिघडून थांबतेय. यावर उपाय म्हणजे प्रत्येक बाजूला एक डायोड, तोही सहा अँपिअरचा. एका बाजूचे दोन बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे साडेतीन अँपिअर; एक अँपिअरचा स्वस्त डायोड तिथे टिकत नाही.

पार्किंगचे दिवे त्या मानानं सौम्य. पाच-पाच वॅटचे सहा बल्ब धरले तरी ३० वॅट, म्हणजे अडीच अँपिअर. पण रिले चिकटला आणि ते रात्रभर जळत राहिले, तर बारा तासांत ३० अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरीच ३५ ची असते. सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करा!

रिमोट स्टार्टबद्दल मी थोडा कडक आहे. गिअरच्या गाडीला तो बसवू नये. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची आपली सवय, आणि रिमोट चालावा म्हणून फिटर क्लचचा स्विच बायपास करतो. बटण दाबलं की स्टार्टर गाडीला पुढे ढकलतो, आणि पुढे चहाचं टेबल असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद हवं. म्हणजे फाट्यावर रिकाम्या गाडीचा एसी चालवणं नियमात बसत नाही. घरच्या आवारात चालवा, पण कडब्याशेजारी नको. सायलेन्सर तापतो. बंद शेडमध्येही नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की वासही देत नाही.

एक नियम मात्र अलार्म नसलेल्यांनीही ऐकावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला नियम १०९ म्हणतो की रस्त्यावर गाडी उभी असतानाही पुढचे-मागचे पार्किंग दिवे लागलेले राहावेत. रात्री रस्त्याकडेला अंधारात उभी राहिलेली वाहनं आठवा, म्हणजे तो नियम कशासाठी आहे ते सांगावं लागणार नाही.

फिटरला पैसे देण्याआधी, अंधार पडल्यावर, पुढून आणि मागून दोन्हीकडून दिवे बघा. लॉक करा, उघडा, एकेक इंडिकेटर देऊन बघा. मग अलार्मचा फ्यूज कुठे बसवलाय ते दाखवून घ्या आणि तिथे नावाची चिठ्ठी चिकटवा. पुढे कधी दुसऱ्या गावात गाडी अडली, तर तिथल्या मिस्त्रीला तो शोधत बसावं लागणार नाही.