मेजावरची जादू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोम्मसंद्रा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकालीन पत्रव्यवहार अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी आपले प्रबोधन केले आहे. त्याच ठिकाणी उभे राहून केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याने नाणी गायब करण्याच्या कलेविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. सरकारी माणसाला त्यासाठी वेगळे शिक्षण कशाला हवे, असा प्रश्न चिटणीसांनी मला केलाच. त्यांना मी इतकेच म्हणालो की, या कलेत गेलेले नाणे परत आणून दाखवावे लागते. अवघड भाग तोच आहे.

आपल्या पिढीला जादूगार म्हटले की पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात. रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी देशोदेशी प्रयोग केले, ‘प्रवासी जादूगार’ हे प्रवासवर्णन लिहिले, आणि त्यांच्यामागे चिरंजीव विजय व नातू जितेंद्र यांनी ती परंपरा चालू ठेवली. रघुवीरांची जादू रंगमंचाची. पडदा, दिवे, संगीत, आणि प्रेक्षक अंतरावर अंधारात बसलेला. पण पहिले धडे त्यांनी घेतले ते रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका राजस्थानी जादूगाराकडून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी ज्या शाखेचा विद्यार्थी आहे, ती रंगमंचाची नसून त्या रस्त्यावरच्या माणसाची आहे. प्रेक्षक हातभर अंतरावर, उजेड लख्ख, आणि साधने खिशात मावतील तेवढीच. इंग्रजीत तिला क्लोज-अप मॅजिक म्हणतात. मी तिला मेजावरची जादू म्हणतो, कारण अलीकडे ती उपाहारगृहात मेजामेजावर जाऊन किंवा लग्नसमारंभात पाहुण्यांत फिरत फिरत करतात.

ही परदेशातून आलेली नवी टूम आहे, असा समज सार्वत्रिक दिसतो. तो खरा नाही. आपला गारुडी दुसरे काय करीत होता? तो मांडी घालून जमिनीवर बसे. तिन्ही बाजूंनी, कधी चारही बाजूंनी माणसे. पुढ्यात वाट्या, कापडाच्या गोळ्या आणि शेजारी झोळी. त्या वाट्यांच्या डोक्यावर लहानसे बोंड असते. ते दोन बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलली की उरलेली बोटे आपल्या कामाला मोकळी राहतात. एवढ्याशा बोंडात किती पिढ्यांचे शहाणपण आहे, हे स्वतः वाटी उचलून पाहिल्याखेरीज कळत नाही. वाट्यांचा हा खेळ जगभर आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात एका पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. फसवले जाण्यातच मला मौज वाटते, युक्ती कळली की माझा रस संपतो, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या या मताकडे मी पुढे वळणार आहे.

गारुड्याचे पुढे काय झाले, हे कायद्याच्या पुस्तकात वाचायला मिळते. मुंबईच्या १९५९ सालच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणेही घातले. हाच कायदा दिल्लीला लागू झाला, आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे तेथपुरती रद्द ठरवली. तेच कसब वातानुकूलित दालनात, कोट घालून दाखवले तर मानधनाचा धनादेश मिळतो. पदपथावर दाखवले तर पोलीस येतो. माझा सारा जन्म नियम वाचण्यात आणि लावण्यात गेला आहे, तरी या भेदाचे समर्थन मला आजतागायत सापडलेले नाही.

आता माझ्या गुरूविषयी. माझा गुरू पडद्यावरचा आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलगी शिक्षणासाठी परगावी गेल्यावर रिकाम्या झालेल्या संध्याकाळी मी शिकवणीच्या चित्रफिती पाहू लागलो. पूर्वी हे ज्ञान मिळवणे म्हणजे काय होते, याची एक हकीकत सांगतो. कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन (१८९४–१९९२) हे या शाखेचे भीष्माचार्य. सगळे जादूगार त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे १९०२ सालचे पत्त्यांवरचे पुस्तक त्यांनी बालपणीच पचवले होते. १९३२ साली, ऐन मंदीच्या दिवसांत, कॅन्ससमधील एका कैद्याकडून त्यांना कळले की, कॅटच्या वरून किंवा खालून नव्हे तर थेट मधून पान वाटणारा कोणी जुगारी आहे. हे अशक्य आहे, असे त्या काळी सर्व जाणकार मानीत. व्हर्नन त्या माणसाच्या शोधात निघाले आणि मिसुरी राज्यातील प्लेझंट हिल नावाच्या लहानशा गावी ॲलन केनेडी याला त्यांनी गाठले. एक हात पाहण्यासाठी एवढी पायपीट! आज ती क्रिया मी जेवणानंतर सुपारी चघळीत पाहू शकतो.

म्हणून ती मला येते, असे मात्र नव्हे. गुपित चार मिनिटांत कळते आणि हाताला सहा महिने कळत नाही. चित्रफितीचा मोठा गुण असा की ती न कंटाळता शिकवते. तीच क्रिया चाळिसाव्यांदा दाखवा म्हणण्याची छाती जिवंत गुरूपुढे कोणा शिष्याची झाली असती? पण कॅमेऱ्याला डोळा एकच असतो. मेजाभोवती बसलेल्या कुटुंबाला दहा-बारा असतात, आणि त्यांतले दोन एखाद्या पाच वर्षांच्या पोराचे, म्हणजे बरोबर मेजाच्या उंचीचे असतात. त्या उंचीवरून हाताखाली दडलेले सगळे काही दिसते. शिवाय पडद्यावरचा गुरू आपले बोट धरून सरळ करीत नाही. तबल्यावर हात चुकला की उस्तादांची नजर वर होते, तशी ती नजर येथे नाही. आरसा थोडेफार काम करतो, पण आरशात पाहताना आपण नेमक्या लबाडीच्या क्षणी डोळे मिचकावतो आणि स्वतःला ते कधीच दिसत नाही. मला ते माझ्या सौभाग्यवतीने सांगितले.

नाण्यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. नाणे तळहाताच्या मध्यात, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आणि समोरचा मांसल भाग यांच्या हलक्या दाबाने धरायचे आणि हात रिकामा असल्यासारखा सैल ठेवायचा, हा पहिला पाठ. बहुतेक पाठ अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बेतलेले आहेत. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर, वजन ११.३४ ग्रॅम. आपले आजचे दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर आणि आठ ग्रॅमलाही कमी भरते, त्यामुळे ते माझ्या हातात कधी स्थिर राहत नसे. १९७५ ते १९८२ या काळातला रुपया २८ मिलिमीटर आणि पुरा ८ ग्रॅम. तो थोडा बरा. मग देवघरातल्या चांदीच्या वाटीतले, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे राणीछाप रुपये आठवले. मोजले तर साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, वजन ११.६६ ग्रॅम! अमेरिकेत छापलेल्या पाठाला आमच्या आजीच्या देवघरातले नाणे जसेच्या तसे बसले. दर दिवाळीला ती नाणी मी मोजून परत वाटीत ठेवतो, आणि ती मोजणी घरात माझ्यावर न सोपवता दुसऱ्यांदा केली जाते.

सराव मी गाडीत करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. एकोणीस किलोमीटर आणि सोळा स्थानके. पूर्वी होसूर रस्त्यावरच्या कोंडीत बसमध्ये दांडीला लोंबकळताना हात मोकळा नसे. आता सिल्क बोर्डापर्यंत कोटाच्या खिशात एक हात ठेवून बसता येते. शेजारच्या प्रवाशाला वाटते, साहेब नामजप करीत आहेत.

प्रयोगाविषयी बोलण्याआधी एक खुलासा, कारण सभेत खात्याची काही मंडळी दिसत आहेत. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४, यातील नियम १५ प्रमाणे सरकारी नोकराला खाजगी धंदा करता येत नाही. मात्र साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम, कर्तव्याला बाधा न येता, पूर्वपरवानगीशिवाय करता येते. ‘प्रासंगिक’ या शब्दाचा मान राखून मी महिन्यातून दोनच शनिवारी, येथील एका परिचित उपाहारगृहात, मालकांच्या संमतीने आणि विनामूल्य मेजांवर फिरतो. कॉफी मिळते, तिचे पैसे मी देतो.

उपाहारगृहात जादू शिकण्यापेक्षा माणसे ओळखणे अधिक शिकावे लागते. बंगळूरच्या दर्शिनीत हा प्रयोग अशक्य, कारण तेथे माणूस उभ्या उभ्या इडली खाऊन पाच मिनिटांत नाहीसा होतो. त्याहून मोठी जादू मी काय करणार? बसून जेवण्याच्या ठिकाणी पदार्थ सांगितल्यापासून पाने वाढली जाईपर्यंतची दहा मिनिटे आपली. ताट आले की हात जोडून निघावे. नवरा-बायको एकमेकांकडे न पाहता मेनू वाचत असतील, तर त्या मेजाकडे जाऊ नये. चित्रफितीतला अमेरिकन गुरू गेल्याबरोबर ‘एक पत्ता काढा’ म्हणतो. आपल्याकडे पत्ते म्हणजे जुगार अशी कित्येक घरांची समजूत असते आणि आजीबाई हात मागे घेतात. मी वेलदोडा, सुपारी, रुमाल आणि नाणे यांवर भागवतो. अंगठी मागितली तर पुरुषाची मागावी. बाईच्या अंगावरचा दागिना गायब करून दाखवणे, मग ते क्षणभर का असेना, आपल्याकडे कोणालाही रुचणार नाही, आणि रुचू नये.

आता ज्या कारणासाठी मी हे भाषण करण्याचे मान्य केले, त्याकडे येतो. बोम्मसंद्र्याला कारखान्यांची माणसे जेवायला येतात तशीच लांबलांबच्या प्रांतांतून हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी आलेली माणसेही येतात. बंगाली असतात, ईशान्येकडची असतात, कधी आपल्याकडचीही असतात. मागच्या वर्षी एका शनिवारी साताऱ्याकडचे एक कुटुंब भेटले. सहा-सात वर्षांचा मुलगा, मंगळवारी त्याची शस्त्रक्रिया ठरलेली. मराठी ऐकून ती मंडळी खुलली. मी मुलाच्या मुठीत एक नाणे ठेवले आणि त्याच्या मुठीत दोन निघाली. मुलगा इतका हसला की वडिलांनी त्याला धाप लागेल म्हणून आवरले. मी हात धुवायला गेलो तेव्हा मुलाची आई मागोमाग आली आणि हळू आवाजात म्हणाली, “साहेब, तुमच्या हाताला काहीतरी हाय. माझ्या लेकरासाठी काही करता यील का?”

सभ्यजनहो, हातचलाखीच्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. रहस्य फोडू नये, ही जादूगारांची जगभरची शपथ आहे. मी त्या बाईंना तेथेच, बेसिनजवळ, नाणे कोठे लपवले होते ते दाखवले. एकदा सावकाश, मग पुन्हा. “ताई, हे एवढंच आहे. माझ्या हातात दुसरं काही नाही. जे काही आहे ते डॉक्टरांच्या हातात आहे,” असे म्हणालो. त्या थोडा वेळ माझ्या तळहाताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पोराला शिकवा की.” मी पुन्हा मेजापाशी गेलो आणि भात येईपर्यंत मुलाला ती युक्ती शिकवली. सेनेका म्हणतो की युक्ती कळली की रस संपतो. त्या मुलाने सेनेका वाचलेला नव्हता. युक्ती कळल्यानंतर त्याने सलग चार वेळा वडिलांना फसवले आणि वडील पाचव्यांदाही मुद्दाम फसले. पुढे मालकांकडून कळले की, जवळजवळ तीन आठवड्यांनी ती मंडळी गावी परत जाण्यापूर्वी जेवून गेली, आणि मुलाने गल्ल्यावरचे एक नाणे गायब करून दाखवले. परत द्यायचे मात्र तो विसरला.

याच शहरात, बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, एच. नरसिंहय्या या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९७६ साली चमत्कारांची तपासणी करण्यासाठी एक समिती नेमली होती. त्या वेळी तिच्यावर पुष्कळ गदारोळ झाला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीतले कार्यकर्ते हातातून अंगारा काढून दाखवीत आणि लगेच तो कसा काढला हे समजावून सांगत. दाभोलकरांची २०१३ साली पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या कसबाने मी एका पोराला हसवले, त्याच कसबाने त्याच्या आईकडून मला तिच्या पाटल्या काढून घेता आल्या असत्या. मागण्याचीही गरज पडली नसती. म्हणून मेजावर गेल्यावर मी प्रथम सांगतो की मी हातचलाखी करतो, विद्या नव्हे. याने मौज कमी होते, अशी टीका माझ्या काही जाणकार मित्रांनी केली आहे. मौज तसूभरही कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कार्यकारिणीने सुचवल्याप्रमाणे मंडळाच्या मुलांसाठी एक वर्ग सुरू करीत आहोत. जादू करताना बोलावे लागते. मुका जादूगार मेजावर चालत नाही. आपली मुले शाळेत इंग्रजी आणि मैदानात कन्नड बोलतात, पण सुट्टीत मिरजेच्या किंवा नागपूरच्या आजीला नाणे गायब करून दाखवायचे तर सगळे संभाषण मराठीतच रचावे लागेल, आणि ते पाठ केलेले चालणार नाही, कारण आजी मध्येच प्रश्न विचारते. चित्रफिती दाखवू, पण आवाज बंद करून. वर्ग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता, या सभागृहामागच्या खोलीत. वय आठ वर्षांच्या पुढे. वरची मर्यादा ठेवलेली नाही. पत्ते आणू नयेत. प्रत्येकाने एकाच जातीची चार नाणी आणि मेजावर अंथरायला एक जुना पंचा आणावा, कारण पहिले तीन महिने नाणी पडतच राहतात आणि खालच्या मजल्यावर माणसे राहतात.