परवाना कुणाला?

शेलापागोट्यांची वाट बघत बसलेल्या मित्रांनो,

विधी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात कायद्यावर बोलणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे नेणं. तरी बोलतो, विषय जरा लांबचा आहे.

रॉबर्ट कॉट्रोल हे वॉशिंग्टनमध्ये कायदा शिकवणारे कृष्णवर्णीय इतिहासकार. 1991 साली रेमंड डायमंड यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी विचारलं, अमेरिकेतल्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा इतिहास काळ्या माणसाच्या बाजूनं वाचला तर कसा दिसतो? गुलामगिरी संपताच, 1865 मध्येच, मिसिसिपीनं मुक्त झालेल्यांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी केली. वर्ण उघड लिहिला होता. कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर तसं लिहिणं अवघड झालं, आणि कायदे एकदम सोवळे दिसू लागले.

फ्लोरिडाचा 1893 चा बंदूक परवान्याचा कायदा घ्या. त्यात वर्णाचं नावही नाही. पण 1941 मध्ये ‘वॉटसन विरुद्ध स्टोन’ खटल्यात न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालपत्रात लिहूनच टाकलं, की हा कायदा काळ्या मजुरांची शस्त्रं काढून घेण्यासाठी होता, गोऱ्यांना लावायचा कधी हेतूच नव्हता. न्यायाधीश इतकं खरं क्वचितच लिहून ठेवतात! 1956 मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. म्हणून कलम वाचून थांबू नका; परवाना द्यायचा की नाही हे कोण ठरवतं, ते बघा.

आपल्याकडे 1878 च्या शस्त्र कायद्यात इतका आडपडदा नव्हता. भारतीयाला परवाना, युरोपियनांना नियमांतूनच सूट.

कॉट्रोल यांचा निष्कर्ष असा, की ज्यांना सरकार वाचवत नाही त्यांना शस्त्राचा हक्क हवाच. बंदूकसमर्थकांना तो आवडला, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात याच इतिहासाला मोठी जागा मिळाली. उलट 2021 मध्ये इतिहासकार कॅरोल अँडरसन यांनी मांडलं, की हा हक्क मुळातच काळ्यांना दाबण्याच्या हेतूतून आला आणि बंदूक हाती असूनही ते सुरक्षित झाले नाहीत. पुरावे बरेचसे तेच. मला अँडरसन जास्त पटतात, पण कॉट्रोल यांना उत्तर देताना दमछाक होते.

प्राचार्यांना एक विनंती. पुढच्या मूट कोर्टला हा विषय ठेवा, आणि बाजू निवडायची मुभा मुलांना देऊ नका.