वेळासला विचारलं, आईसकट

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय तुम्हीच मागितलाय. "ट्रिपला जाऊन लग्नाचं विचारायचंय, हातपाय कापतायत, काय करू?" असे इतके मेसेज आले की म्हटलं, आपलंच सांगून टाकू. आणि हो, आमच्यात विचारलं मी. त्याने नाही.

जागा निवडली वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पूर्वी किनाऱ्यावरची अंडी चोरीला जायची. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. आम्ही पुण्याहून बाइकवर ताम्हिणी उतरलो, बागमांडल्याला बाइकसकट जंगलजेट्टीत चढलो आणि खाडी ओलांडून वेसवीला. रोमँटिक म्हणाल तर तेवढीच काही मिनिटं. बाकी सगळा प्रवास पाठदुखीचा.

राहायचं गावकऱ्यांच्या घरीच. काकूंनी त्याची गादी पडवीत टाकली, माझी माजघरात, आणि हळूच विचारलं, "ठरलंय का गो तुमचं?"

"ठरवायलाच आलेय, काकू."

रात्री माझ्या ताटात एक मोदक जास्त पडला.

आता पोटात गोळा का आला होता ते सांगते. "लग्न करशील का" एवढंच असतं तर मी व्हॉट्सॲपवरही विचारलं असतं. चार वर्षं ओळखतोय एकमेकांना. पण माझ्या प्रश्नाला शेपूट होतं. बाबा गेले तेव्हा मी दहावीत. आई सांगलीत एकटी, गुडघे गेलेले, मी एकुलती एक. लग्नानंतर आई माझ्याकडे राहणार, हे आम्हा मायलेकींचं पक्कं ठरलेलं. मुलाची आई सोबत राहिली तर कुणी काही विचारत नाही. मुलीची राहिली की ती "जावयाच्या दारात". भाडं दोघांनी भरलं तरी घर जावयाचं! कायद्याच्या लेखी हा वाद केव्हाच मिटलाय. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे, असं सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच सांगितलंय. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा-मुलगी दोघं येतात. पण कलमं वाचून दाखवत कोण प्रपोज करतं?

सकाळी सातला किनाऱ्यावर. जाळीच्या कुंपणात वाळूत पुरलेली अंडी, वर टोपल्या. कासवमित्राने एकेक टोपली उचलली. काहीच नाही. "आज नाहीत, संध्याकाळी बघू." माझं भाषणही संध्याकाळवर गेलं.

संध्याकाळी तीन पिल्लं निघाली. तळहाताहून लहान. दोरीमागे आम्ही शंभरेक माणसं, मोबाइल वर. तेवढ्यात कासवमित्र माहिती देऊ लागला, "मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लांना आई कधी भेटतच नाही." अहो दादा, मी कुठल्या विषयावर बोलायला आलेय आणि तुम्ही काय सांगताय!

परतीच्या वाटेवर, अंधार पडता पडता, एका दमात बोलून टाकलं. लग्न, आई, गुडघे, सगळं. ओठ इतके कोरडे पडले होते की "गुडघे" दोनदा म्हणावं लागलं.

तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "आईंना पुणं मानवेल?"

"तिचं तिने ठरवलंय."

"मग आज मी हो म्हणत नाही. आधी घरी बोलतो. नंतर मागे फिरायला नको."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण खरं सांगू? तिथल्या तिथे हो म्हणाला असता तर मी जास्त घाबरले असते. सूर्यास्त बघून दिलेला शब्द पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये किती टिकतो, ठाऊक आहे.

चार दिवसांनी फोन आला. "बाबा नाही म्हणाले. मी हो म्हणतोय."

आता आम्ही घर शोधतोय. त्याचे बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. परवा फोनवर त्याला एवढंच विचारलं, "त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना?"

दोन आहेत. एक बंद असते.