‘रिव्हर्ट’ म्हणजे येतो का?

मुलगा परदेशी निघाला तेव्हा दारात म्हणाला, ‘जातो.’ त्याची आई लगेच ओरडली, ‘अरे, येतो म्हणावं!’

दोन वर्षांनी मी ई-मेलवर विचारलं, कायमचा कधी परततोस? उत्तर आलं, ‘विल रिव्हर्ट.’ मी शब्दकोश काढला. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं. घरात आनंदीआनंद! पण आपल्या कचेऱ्यांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच, की मागाहून कळवतो.

मंडळी, ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दही असाच सैलावला. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये बाझेलला लिहिलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर पडलेल्यांच्या दुखण्याचं ते नाव, आणि उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणं. आता जुन्या गाण्यांनीही नॉस्टॅल्जिया होतो. वेदना उरली थोडी, परतणं तर गेलंच.

परवा माझ्या वाढदिवसाला मुलाचा फोन आला, ‘बाबा, मेनी हॅपी रिटर्न्स!’ यात पुन्हा पुन्हा यायचं असतं ते त्या दिवसानं, माणसानं नव्हे. मी थँक्यू म्हटलं. शेजारून ही विचारत होती, ‘काय म्हणतोय? कधी येतोय?’